बंब : घरचे ऊन पाणी आणि त्याची निगा

माणसाच्या गरजा मोजताना अन्न, वस्त्र, निवारा ही तीन नावे आपण पाठ म्हणतो. चौथे नाव घालण्याची मुभा मिळाली, तर पौषातल्या पहाटे अंगावर पडणाऱ्या ऊन पाण्याचे नाव घालावे, असे मला वाटते. हे सुख इतके रोजचे आहे की त्याच्यामागे काही विद्या आहे, काही खर्च आहे आणि कोणाचे तरी कष्ट आहेत, हे आपल्या ध्यानातही येत नाही. न्हाणीत बादली भरून ठेवलेली असते, आपण आंघोळ उरकतो आणि कॉलेजची वाट धरतो. ते पाणी किती जळणात तापले, कोणत्या भांड्यात तापले आणि त्या भांड्याची निगा कोण राखते, हा प्रश्न कोणत्याही विषयाच्या पेपरात येत नाही. म्हणून तो येथे घेतला आहे.

पाणी तापविण्याची साधने पुष्कळ आहेत. चुलीवरचा हंडा आहे, विजेचा गिझर आहे, गच्चीवरचा सौर बंब आहे. परंतु महाराष्ट्रात ज्या एका वस्तूने हे काम पिढ्यान् पिढ्या केले, ती म्हणजे तांब्याचा बंब. आगीच्या बंबाला आणि पाण्याच्या बंबाला मराठीत एकच शब्द आहे, ही मोठी गंमत आहे. एक बंब आग विझवितो, दुसरा आग पोटात घेऊन बसतो. आपल्याला या दुसऱ्याची ओळख करून घ्यावयाची आहे.

बंबाची रचना

बाहेरून पाहता बंब म्हणजे तीन-चार पायांवर उभा असलेला एक गोल, फुगीर पोटाचा पिंप. खरे कौशल्य आत आहे. पिंपाच्या मधोमध, खालून वरपर्यंत, एक नळकांडे बसविलेले असते. या नळकांड्यात जळण पडते आणि त्याच्या भोवती, नळकांडे व बाहेरची भिंत यांच्यामध्ये, पाणी असते. नळकांड्याच्या तळाशी जाळी असते. जळण तिच्यावर पेटते, राख तिच्यातून खाली पडते आणि हवा तिच्यातूनच वर चढते.

चुलीवरचा हंडा आणि बंब यांतला फरक येथेच कळतो. हंड्याला आच फक्त बुडातून लागते. ज्वाळा हंड्याच्या बाजूंनी निसटतात आणि निम्म्याहून अधिक उष्णता वाऱ्यावर जाते. बंबात विस्तव मध्ये आणि पाणी भोवती. उष्णतेला बाहेर पडावयाचे तर पाण्याच्या संगतीनेच वर जावे लागते. शिवाय उभे नळकांडे धुराड्याचे काम करते. आतली हवा तापून हलकी होते, वर जाते, आणि तिची जागा घेण्यासाठी जाळीतून ताजी हवा आपोआप ओढली जाते. एकदा पेटलेल्या बंबाला फुंकणी लागत नाही ती यामुळे.

आता पाणी घेण्याची रीत पाहू. जुन्या पद्धतीच्या बंबाला दोन तोंडे असतात. एक नरसाळ्यासारखे, त्याची नळी आत थेट तळापर्यंत गेलेली. दुसरे चोचीसारखे, वरच्या अंगाला. नरसाळ्यात गार पाण्याचा तांब्या ओतला की चोचीतून तेवढेच कढत पाणी बाहेर येते. लहानपणी ही जादू वाटते. कारण मात्र सरळ आहे. पाणी तापले की प्रसरण पावते आणि हलके होते. २० अंश सेल्सिअसचे एक लिटर पाणी सुमारे ९९८ ग्रॅम भरते, ८० अंशांचे सुमारे ९७२ ग्रॅम. फरक थोडा दिसतो, पण तेवढ्याने कढत पाणी वर आणि गार पाणी तळाशी राहते. आपण गार पाणी तळाशी सोडतो, ते वरच्या कढत पाण्याला उचलून बाहेर ढकलते. आजच्या विजेच्या गिझरमध्येही गार पाणी खालून येते आणि गरम पाणी वरून निघते. भिंतीवर टांगलेल्या त्या पांढऱ्या पेटीत आपल्या बंबाचेच तत्त्व आहे.

दुसऱ्या प्रकारच्या बंबाला पोटाशी पितळी तोटी असते. ती सोयीची खरी, पण तिच्यात एक धोका आहे. नरसाळ्याचा बंब वापरून रिकामा होऊच शकत नाही, कारण घालाल तेवढेच निघते. तोटीचा बंब मात्र शेवटची आंघोळ करणारा पार कोरडा करू शकतो, आणि आत विस्तव धुमसत असला तर त्या बंबाचे आयुष्य तेथेच घटते. ते कसे, हे पुढे येईल.

तांबेच का?

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी या कामासाठी प्रसिद्ध आहे. तांब्याचा पत्रा ठोकून, वळवून, सांधून भांडे घडवावयाचे आणि शेवटी हातोडीच्या सारख्या ठोक्यांनी त्याच्या अंगावर खुणांची नक्षी उमटवावयाची, हे तांबटांचे पिढीजात कौशल्य. या ठोक्यांच्या कामाला मठारकाम म्हणतात. ते केवळ शोभेसाठी नाही. ठोक्यांनी पत्रा घट्ट व कडक होतो.

तांबे निवडण्याचे पहिले कारण उष्णतावहन. साध्या पोलादाच्या मानाने तांबे सुमारे आठपट आणि स्टेनलेस स्टीलच्या मानाने वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता पुढे देते. दुसरे कारण असे की, लोखंडाचा गंज पत्रा पोखरीत जातो, तांब्यावर चढणारा थर पत्र्याला झाकतो. ओलसर न्हाणीत वर्षानुवर्षे उभे राहावयाचे भांडे लोखंडाचे असते तर कधीच चाळण झाले असते. तिसरे कारण व्यवहाराचे. तांबे कधी वाया जात नाही. फुटका बंबही मोडीत किंमत आणतो.

हे तिसरे कारणच आज बंबाच्या मुळावर आले आहे. घरात गिझर आला की बंब अडगळीत जातो आणि एक दिवस मोडीत निघतो. शहरांतल्या काही हॉटेलांत तो दाराशी घासूनपुसून शोभेसाठी ठेवलेला दिसतो. ज्याच्या पोटात विस्तव असावयाचा त्याच्यात झाडाची कुंडी बसवितात.

एका आंघोळीचा हिशेब

एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते, हे आपण शाळेत शिकलो. ते येथे उपयोगी पडते.

पाच माणसांचे घर धरू. प्रत्येकास २० लिटरची एक बादली, म्हणजे १०० लिटर पाणी. हिवाळ्यात पाणी २० अंशांचे असेल आणि अंगाला ते ४० अंशांचे हवे, तर १०० गुणिले २०, म्हणजे २,००० किलोकॅलरी उष्णता लागेल. हे सर्व पाणी बंबात तापवावे लागत नाही. ४० लिटर पाणी ७० अंशांपर्यंत तापविले आणि त्यात ६० लिटर गार पाण्याचे विसण घातले, तरी हिशेब तोच येतो. कढत पाण्यात गार पाणी घालून ते अंगाजोगे करणे याला विसण म्हणतात. बोलीत आपण त्याला इसण म्हणतो. एवढ्या नेमक्या क्रियेसाठी स्वतंत्र शब्द असणे, हे आपल्या आंघोळीच्या संस्कृतीचेच लक्षण मानावयास हवे.

वाळलेल्या लाकडाच्या एका किलोतून साधारण ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे काहीही वाया गेले नाही तर अर्धा किलो लाकूड पुरावे. प्रत्यक्षात बरेच वाया जाते. मिळालेल्या उष्णतेचा चौथा हिस्साच पाण्याला लागला असे धरले, तर रोज दोन किलो जळण झाले. हिवाळ्याच्या चार महिन्यांचे साधारण अडीच क्विंटल. विजेने तेवढेच पाणी तापविले तर सुमारे सव्वादोन युनिट लागतील, कारण एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी.

लोहाऱ्याच्या परिसरात हे अडीच क्विंटल जळण बाजारातून येत नाही, शेतातून येते. तुरीची रास झाली की मागे तुराट्या उरतात. त्यांच्या पेंढ्या बांधून घरामागे गंजी रचावयाची. जोडीला ज्वारीची धसकटे, बाभळीच्या फांद्या, गोवऱ्या. तुराटी चटकन पेटते, ज्वाळा मोठी देते आणि बंबाच्या नळकांड्यात सरळ उभी राहते, म्हणून ती बंबाला मानवते. मात्र ती कोरडी हवी. ओल्या जळणात असलेल्या एक किलो पाण्याची वाफ करण्यातच सुमारे ५४० किलोकॅलरी खर्च होतात. उरते ते धूर आणि डोळ्यांतले पाणी. पावसाळ्यापूर्वी गंजी झाकून ठेवणारी बाई आंघोळीच्या पाण्याचाच हिशेब करीत असते. तो तिने कागदावर केलेला नसतो इतकेच.

निगा : रोजची, आठवड्याची, वर्षाची

बंब विकत आणणे ही एका दिवसाची गोष्ट आहे. तो राखणे रोजचे आहे. त्याचे नियम येथे क्रमाने देतो.

पहिला नियम सर्वांत मोठा. आधी पाणी, मग विस्तव. बंबात पाणी असते तोवर त्याच्या आतल्या पत्र्याचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जाऊ शकत नाही. पाणी ती उष्णता सतत ओढून घेते. कोरड्या बंबाला हा आधार नसतो. गळती थांबविण्यासाठी दिलेले डाग बहुधा कथिलाचे असतात आणि कथील २३२ अंशांवर वितळते. कोरडा बंब पेटला की हे तापमान काही मिनिटांत गाठले जाते, डाग सुटतो आणि बंब ठिबकू लागतो. तोटीचा बंब वापरणाऱ्यांनी म्हणूनच घेतले तेवढे पाणी परत घालण्याची सवय लावावी.

दुसरा नियम : बंबाचे तोंड कधीही घट्ट बंद करू नये. पाणी लवकर तापावे म्हणून चोचीत चिंधी आणि नरसाळ्यावर जड झाकण ठेवण्याचा मोह होतो. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपटींहून अधिक जागा मागते. तिला वाट मिळाली नाही तर ती स्वतः करून घेते. गिझरला यासाठी दाब सोडणारी झडप आणि ठरावीक तापमानाला वीज तोडणारी कळ असते. बंबाची झडप म्हणजे त्याचे उघडे तोंड.

तिसरा नियम राखेचा. जाळी राखेने भरली की खालून हवा मिळत नाही, जळण धुमसते आणि धूर होतो. बंब धूर करतो अशी तक्रार असते तेव्हा दहांतून नऊ वेळा दोष जाळीचा असतो. रोज सकाळी, निवल्यावर, राख काढावी. राखेने भांडी निघतात, उरलेली उकिरड्यावर खतात जाते.

आठवड्यातून एकदा नळकांड्याच्या आतली काजळी काठीला काथ्या बांधून खरवडावी. काजळी उष्णतेची वाहक नाही. तिचा थर जितका जाड, तितके जळण अधिक.

आता वर्षाची निगा. आपल्या भागात विंधनविहिरींचे पाणी बहुतेक ठिकाणी जड, पुस्तकी भाषेत दुष्फेन असते. त्यात विरघळलेले कॅल्शिअम बायकार्बोनेट तापविल्यावर फुटते, कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शिअम कार्बोनेट भिंतीला चिकटते. ही ती पांढुरकी खरपुडी. तिच्यातून उष्णता तांब्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही जात नाही. बाहेरून आरशासारखा लखलखणारा बंब आतून अशा थराने भरलेला असू शकतो. आपण बाहेरचा बंब चिंच-मिठाने घासतो, कारण तो पाहुण्यांना दिसतो. जळण खातो तो आतला थर. वर्षातून एक-दोनदा बंबात पाण्याबरोबर भरपूर जुनी चिंच कोळून किंवा लिंबूसत्त्व घालून ते चांगले ऊन करावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. आम्लाने खरपुडी सुटते. सकाळी दोन-तीनदा खळखळून टाकावे. फरशी धुण्याचे तीव्र आम्ल मात्र वापरू नये. ते जुन्या डागांना खाते आणि त्याची वाफ छातीला बाधते.

आणखी एक सूचना. बंबातले पाणी चहाला किंवा पिण्याला घेऊ नये. स्वयंपाकाच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात. बंबाच्या पोटात कल्हईवाल्याचा हात पोहोचत नाही. शिवाय जुन्या डागांत शिसे मिसळलेले असू शकते.

धूर आणि बंद न्हाणी

बंब परसात किंवा उघड्या मोरीत असावयाचा याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आज लोहारा तालुक्यात असलेल्या सास्तूरसह या पट्ट्यातली गावे त्यात उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंतींची, माळवदाची घरे गेली आणि नवी पक्की घरे उभी राहिली. पुढे गावोगावी जी घरे बांधली गेली, त्यांत न्हाणी ही चार भिंतींची, दार लागणारी छोटी खोली झाली. ही सोय फार मोठी आहे, विशेषतः स्त्रियांसाठी. पण या खोलीत पेटता बंब किंवा शेगडी नेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

पुरेशी हवा नसताना काहीही जळले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. माणसाला आधी डोके जड वाटते, मग गुंगी येते आणि दाराची कडी काढण्याचे बळ राहत नाही. गॅसच्या गिझरचे बंद न्हाणीघरातले अपघात याच कारणाने होतात. पेटते ते बाहेर आणि तापलेले पाणी आत, एवढे पथ्य पाळलेच पाहिजे.

उघड्यावरचा धूरही निरुपद्रवी नाही. घरातल्या चुलींच्या आणि अशा जळणाच्या धुराने जगभरात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ घरांत सिलिंडर आला. पण सिलिंडर पुरवून वापरावयाचा असतो. त्यावर भाजी-भाकरी होते, आंघोळीचे पाणी मात्र अनेक घरांत अजून तुराट्यांवरच तापते. स्वयंपाकाचा धूर गेला तरी पहाटेचा धूर राहिला, आणि तो पहिल्यांदा जिच्या छातीत जातो ती घरातली बाईच असते.

खोली करून राहणाऱ्यांसाठी

गावाबाहेर शिकावयास आलेले आपले मित्र-मैत्रिणी बादलीत सोडण्याची विजेची कॉइल वापरतात. १,००० वॅटची कॉइल २० लिटर पाणी २५ अंशांनी तापविण्यास सुमारे पस्तीस मिनिटे घेते. तेवढा धीर धरवत नाही आणि चालू कॉइल असलेल्या पाण्यात बोट घालून पाहिले जाते. हे कदापि करू नये. बटण बंद करून पिन काढावी, मगच पाण्याला हात लावावा. बादली प्लॅस्टिकची असावी, पायांत कोरडी चप्पल असावी, कॉइल पाण्याच्या खुणेपर्यंत बुडालेली असावी आणि पिन तीन पायांचीच असावी. तिसरा पाय कापून टाकणे म्हणजे आपले रक्षण करणारी अर्थिंगची तारच कापणे होय.

लहान मुले असलेल्या घरात आणखी एक काळजी. आपली रीत आधी कढत पाणी ओतून मग विसण घालण्याची. तेवढ्या वेळात पोर घंगाळात हात घालते. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडीही काही सेकंदांत भाजते, मुलांची त्याहून लवकर. तेथे आधी गार पाणी घ्यावे, मग कढत, आणि मुलाला घालण्यापूर्वी कोपर बुडवून पाहावे. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाया कोपरानेच पाणी पाहतात, कारण तळहात कामाने निबर झालेला असतो आणि तो खरे सांगत नाही.

बसण्याचे पाणी आणि घेण्याचे पाणी

अलीकडे शहरांतल्या बंगल्यांत आणि थंड हवेच्या ठिकाणी गरम पाण्याचा टब दिसू लागला आहे. त्याचा इतिहास हृद्य आहे. इटलीहून अमेरिकेत गेलेल्या जाकुझी बंधूंचा पंपांचा कारखाना होता. त्यांतल्या कँडिडो जाकुझी यांच्या मुलाला लहानपणीच संधिवात जडला. त्याला घरच्या टबात शेक मिळावा म्हणून १९५६ च्या सुमारास त्यांनी पाणी घुसळणारा पंप बनविला. १९६८ साली त्याच घराण्यातल्या रॉय जाकुझी यांनी पंप टबातच बसविला आणि रोग्याचे साधन श्रीमंतांच्या हौसेचे झाले.

अशा टबात हजार-दीड हजार लिटर पाणी असते. १,५०० लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास ३०,००० किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ ३५ युनिट वीज लागते. आपल्या पाच माणसांच्या घराच्या पंधरा दिवसांच्या आंघोळीएवढी. शिवाय ते पाणी रोज बदलत नाहीत. अनेक माणसे त्याच पाण्यात बसतात, म्हणून गाळणी लागते, क्लोरीन किंवा ब्रोमीन घालावे लागते, पाण्याची आम्लता तपासावी लागते, झाकण घालावे लागते आणि तीन-चार महिन्यांनी सर्व पाणी सोडून टब धुवावा लागतो. हयगय झाली तर कोमट पाण्यात जंतू पोसतात. १९७६ साली फिलाडेल्फियात उद्भवलेल्या साथीमुळे ओळख पटलेला लिजिओनेला हा जंतू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो.

आपली आंघोळ वेगळ्या तत्त्वाची आहे. आपण पाण्यात बसत नाही, पाणी अंगावर घेतो. अंगावरून गेलेले पाणी पुन्हा कोणी वापरीत नाही, म्हणून त्याला औषध लागत नाही. जपानी लोक या दोहोंच्या मधले. ते आधी बाहेर अंग धुतात आणि मग स्वच्छ होऊन कढत पाण्याच्या टबात बसतात. त्यामुळे घरातल्या सर्वांना तेच पाणी चालते.

कोणती पद्धत चांगली, हे ज्याच्या त्याच्या विहिरीवर अवलंबून आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाण्याचे माप ठरविले. त्या मापाने एक टब म्हणजे सत्तावीस माणसांचे एका दिवसाचे सर्व पाणी. आपल्याकडे मोरीचे पाणी अळूला, केळीला किंवा शेवग्याला जाते. एका बादलीत आंघोळ आणि बागाईत दोन्ही होतात.

दुखऱ्या सांध्यांना खरोखरच पाण्यात बसावयाचे असेल, तर निसर्गाने महाराष्ट्रात टब बांधून ठेवले आहेत. ठाण्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरी, दापोलीकडे उन्हवरे आणि आपल्या मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात उनकेश्वर. उन्हवरे, उनकेश्वर या नावांतच ऊन पाणी आहे. तेथे जळण भूमीचे.

पुढे काय?

बंब टिकावा म्हणून बाईने धूर सोसावा, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस कडक ऊन असते. सौर बंब हा खरोखर आपल्या हवामानाचा बंब आहे. मात्र त्याच्या काचेच्या नळ्यांत आणि टाकीतही तीच खरपुडी बसते. त्याच्या काचांवरची धूळ पुसावी लागते. ढगाळ दिवशी त्याला पर्याय लागतो. साधन बदलले तरी निगा चुकत नाही.

म्हणून खरा प्रश्न साधनाचा नाही, वाटणीचा आहे. बहुतेक घरांत बंब सर्वांचा असतो आणि निगा एकीची. पहाटे सर्वांच्या आधी उठून बंब पेटविणारी बाई आंघोळीला सर्वांच्या शेवटी जाते. तोवर विस्तव विझलेला असतो आणि तिच्या वाट्याला कोमट पाणी येते. ही गोष्ट आपण रोज पाहतो आणि तिला रीत म्हणतो. ज्याला विज्ञानाचे चार नियम कळतात, बंबाची राख काढणे, गंजीवरून तुराट्या आणणे आणि वर्षातून एकदा खरपुडी काढणे त्याच्या शिक्षणाला कमीपणा आणणारे नाही. किंबहुना शिकलेल्या मुलाने ते अधिक चांगले करावे, कारण जाळी का साफ ठेवावयाची आणि बंब कोरडा का पडू द्यावयाचा नाही हे त्याला ठाऊक आहे.

या हिवाळ्यात एक साधा प्रयोग करून पाहावा. घरातल्या तरुण मुलांनी पाळीपाळीने पहाटे बंब पेटवावा, आणि जो आंघोळ करून निघेल त्याने आपण घेतले तेवढे गार पाणी बंबात भरून, दोन तुराट्या सारून मगच अंग पुसावयास जावे. मग घरातल्या शेवटच्या माणसालाही पहिल्याइतकेच ऊन पाणी मिळेल.